पत्रा बोलतोय

सरांनी माझा इंटरव्ह्यू घेतला तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. मला ऑफिसच्या मधोमध उभं केलं आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. आधी समोरून, मग डावीकडून, मग मागून, मग उजवीकडून. मी आपला गॅदरिंगमधल्या झाडासारखा उभा. शेवटी ते वाकले आणि म्हणाले, "पाय उचल." मी उचलला. त्यांनी बुटाचा तळ बघितला, अंगठा फिरवून बघितला आणि सरळ होत म्हणाले, "टायर निम्मे गेलेत. म्हणजे चालतोस. सोमवारपासून ये."

पगाराचं विचारायचं राहूनच गेलं. ते पुढच्या महिन्यात कळलं आणि तेव्हा मी बसलो डोकं धरून. पण ते असो.

आमचा धंदा गाड्यांच्या सर्व्हेचा. तुमची गाडी ठोकली की तुम्ही विमा कंपनीला कळवता आणि कंपनी आमच्यासारख्या सर्व्हेयरला पाठवते. काय मोडलं, दुरुस्तीला किती लागेल, त्यातलं कंपनीने किती द्यावं, हे आम्ही बघून लिहून द्यायचं. ज्याची गाडी, तो आमच्या भाषेत 'पार्टी'. पार्टीला वाटतं आपण कंपनीचे, कंपनीला वाटतं आपण पार्टीला सामील, आणि गॅरेजवाल्याला वाटतं आपण जन्मालाच यायला नको होतं.

ऑफिस लालबागला, मसाल्याच्या डंकांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. खाली मिरची कांडायला घेतली की वर आम्ही शिंकायला घ्यायचो. सर फोनवर कंपनीच्या मॅनेजरशी बोलत असले की मध्येच तीन शिंका द्यायचे आणि "हां, तर बंपर" करून पुढे चालू. एप्रिल-मे महिन्यात तर आमच्या रिपोर्टांच्या कागदांनासुद्धा मिरचीचा खाट यायचा. कंपनीतल्या एका बाईने एकदा कळवलं होतं की तुमची फाइल उघडली की घरी गेल्यासारखं वाटतं.

सरांना सगळी गॅरेजलाइन 'घसारा सर' म्हणायची. घसारा म्हणजे वस्तू जुनी होताना तिची किंमत झिजते, ती झीज. गाडीच्या विम्यात सगळा खेळ त्याच्यावर. पॉलिसीवर गाडीची एक किंमत लिहिलेली असते आणि गाडी चोरीला गेली किंवा पार संपली तर जास्तीत जास्त तेवढे पैसे मिळतात. ती किंमत कशी काढायची? नव्या गाडीचा भाव घ्यायचा आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, असं वाढत वाढत पाचव्या वर्षापर्यंत निम्मी किंमत साफ. त्याचा छापील तक्ता असतो. लोक खिशात देवाचा फोटो ठेवतात तसा सरांच्या खिशात तो तक्ता असायचा.

आणि पाच वर्षांनंतर? पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. मग मालक आणि कंपनी, दोघांनी एकमेकांशी बोलून किंमत ठरवायची. सरांना या नियमाचं फार म्हणजे फारच कौतुक. "बघ," ते म्हणायचे, "पाच वर्षांपर्यंत गणित. पुढे माणुसकी."

हे फक्त गाड्यांपुरतं राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती. टेबलावर 'लाकूड, घसारा चालू'. स्टेपलरवर 'वर्ष दुसरे, वीस टक्के'. पंखा त्यांच्या वडिलांच्या वेळचा, त्याच्या रेग्युलेटरवर लिहिलं होतं, 'पाच वर्षांपुढील. किंमत: मी आणि पंखा यांच्या संमतीने.' ती चिठ्ठी अजून आहे. मी काढली नाही आणि काढणारही नाही.

रबर, प्लास्टिक, बॅटरी असल्या गोष्टींना सरसकट निम्मा घसारा आणि काचेला मात्र अजिबात नाही, हा आमच्याकडचा आणखी एक नियम. तो सरांनी जन्माचा धडा करून घेतला होता. "काचेला घसारा नाही. काच असते, नाहीतर फुटते," म्हणत एकोणीस वर्षं तोच चष्मा. नंबर तीनदा बदलला, चष्मा नाही. त्यामुळे समोरचा माणूस ओळखायला ते त्याच्या अगदी जवळ जायचे आणि समोरच्याला वाटायचं, हे आपला सर्व्हे करताहेत. बऱ्याचदा करतच असायचे म्हणा.

माझ्या मुलीच्या बारशाला सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात चांदीचं वाळं, सगळं व्यवस्थित. पाळण्यापाशी वाकले, मुलीला नीट बघितलं आणि भर बायकांत, अगदी मायेने म्हणाले, "हॉस्पिटलातून बाहेर आली ना? मग पाच टक्के गेले." माझ्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने तिथल्या तिथे मीठमोहऱ्या आणून नातीची दृष्ट काढली. सरांना वाटलं हा बारशाचाच एक विधी आहे, म्हणून तेही हात जोडून उभे राहिले. आई पुढे वर्षभर मला विचारायची, "तुझा तो भंगारवाला कसा आहे?"

पण सर भंगारवाले नव्हते, आणि काकूंची गोष्ट सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

काकू म्हणजे काळाचौकीतल्या खानावळवाल्या काकू. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी घरातल्या घरात डबे सुरू केले आणि मग एक छोटी व्हॅन घेतली. आत लोखंडी मांडणी ठोकून घेतली. रोज सकाळी दीडशे डबे त्या मांडणीवर रचायचे आणि लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत पोचवायचे. गाडी स्वतः चालवायच्या, पदर खोचून. व्हॅन सात वर्षांची झाली होती, पण एक दिवस घरी बसली नव्हती. काकूंचं घर, दोन कामवाल्या बायकांचं घर, सगळं त्या चार चाकांवर.

तर अशी ती व्हॅन एका सकाळी खानावळीच्या दारात उभी असताना तिच्यावर एक भावी नगरसेवक पडले.

म्हणजे त्यांची कमान पडली. वाढदिवसाच्या शुभेच्छांची, रस्ताभर रुंद, मध्ये भाऊंचा हात जोडलेला फोटो. वारा सुटला, बांबू सुटले आणि भाऊ थेट व्हॅनच्या टपावर. टप आत दबला, बॉनेट चेपलं, पुढची काच फुटली आणि भाऊंचा चेहरा काचेच्या भोकातून ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसला. मी फोटो काढायला गेलो तेव्हा भाऊ आतून हसत होते.

त्या दिवशी सर एका कामासाठी ठाण्याला गेले होते, म्हणून मी एकटा गेलो. गाडी उचलून माझगावच्या एका गॅरेजात नेली होती. गॅरेजच्या शेठने माझ्या हातात इस्टिमेट ठेवलं, सगळं नवीन: नवा टप, नवं बॉनेट, नवे दरवाजे. एकूण ब्याण्णव हजार. मी दीड वर्ष झालेला ट्रेनी, अंगात शहाणपणा मावत नव्हता. चहा पिता पिता मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडलं, फोटो टाकले, ब्याण्णव हजार टाकले आणि बटण दाबलं. स्क्रीन लाल झाली. वर लिहून आलं, टोटल लॉस.

त्याचं असं आहे. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवरच्या किमतीच्या पाऊणपट रकमेपेक्षा जास्त झाला की गाडी टोटल धरतात. कंपनी किंमत देते, गाडी भंगारात जाते, विषय संपला. आणि काकूंच्या पॉलिसीवर किंमत होती फक्त एक लाख. बाजारात तसली व्हॅन सहज दीड-पावणेदोन लाखाला गेली असती. पण पॉलिसी काकूंच्या भाच्याने मोबाइलवरून काढली होती आणि हप्ता कमी यावा म्हणून त्याने गाडीची किंमत खाली खाली ओढून लाखावर आणली होती. हप्त्यात वाचले आठशे रुपये. काकूंना त्याने हे कौतुकाने सांगितलं होतं आणि काकूंनी त्याला त्याबद्दल सुरमई खाऊ घातली होती.

ॲपने काकूंना आपोआप मेसेज पाठवला. भाच्याने वाचून दाखवला. तासाभरात काकू आमच्या ऑफिसच्या जिन्यात.

सर नुकतेच ठाण्याहून आले होते. काकू दारातच उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या, पण हाताला अजून पीठ होतं. म्हणाल्या, "काल माझी गाडी चलत होती. आज टोटल म्हणतंत. तिका कोणी मारल्यान?"

मी पंख्याकडे बघू लागलो.

सरांनी त्यांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं. काकूंनी सांगितलं की लाखात आता दुसरी व्हॅन येत नाही, कर्ज काढायचं वय नाही, आणि दीडशे डबे डोक्यावरून नेता येत नाहीत. ऑफिसवाले दोन दिवस थांबतील, तिसऱ्या दिवशी दुसरीकडे डबा लावतील. सरांनी ॲपमधली फाइल उघडून बघितली. शेवटचा रिपोर्ट त्यांच्या सहीशिवाय जाणार नव्हता, तेवढं नशीब. मग माझ्याकडे वळले. आता बोलणी बसणार म्हणून मी तयारीत होतो. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तू गाडी बघितलीस, की आकडा बघितलास?"

त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकूंनी जाता जाता पिशवीतून सोलकढीची बाटली काढून टेबलावर ठेवली. सरांनी ती दोन बोटांनी उचलून परत पिशवीत ठेवली. पार्टीचं काहीही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. चहा नाही, पाणी नाही, बसायला खुर्चीसुद्धा नाही. सर्व्हेला जाताना स्वतःची स्टीलची बाटली आणि स्वतःचं घडीचं स्टूल. भर उन्हात पार्टी सरबत घेऊन उभी आणि सर स्टुलावर बसून आपलं कोमट पाणी पिताहेत, हे मी शेकडो वेळा बघितलंय. काकूंना मात्र ते झोंबलं. "माझ्या हातचा तुमका चलत नाय?" असं त्यांनी विचारलंच.

"बाई, मी कोणाच्याच हातचं घेत नाही," सर म्हणाले. "मी तुमच्याकडचं पाणी प्यालो, तर माझ्या रिपोर्टला तुमच्याकडची चव येईल."

खाली मिरची कांडायला सुरुवात झाली होती, त्यामुळे या वाक्यावर तिघेही शिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझगावला. सर, त्यांचं स्टूल, त्यांची बाटली, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात खडू. काकूही आल्या होत्या, बोलावलं नसताना. गॅरेजात एक म्हातारे डेंटर होते, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. शेठला नवे पार्ट विकण्यात रस होता, चाचांना ठोकण्यात. सरांनी शेठला नमस्कार केला आणि चाचांना जवळ बोलावलं.

मग सुरू झाली सरांची तपासणी. ती जगात दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. ते बोटाच्या पेराने पत्रा ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. पत्रा खणकन वाजला की म्हणायचे, "बोलतोय." म्हणजे चेपला असला तरी जीव आहे, ठोकून सरळ होईल, नवा नको. त्यावर खडूने बरोबरची खूण. नुसताच ढप असा आवाज आला की पत्रा मुका. त्यावर फुली. आणि सगळी गाडीच मुकी निघाली, तर सर टोपी काढायचे आणि मिनिटभर तसेच उभे राहायचे. गॅरेजलाइनला हे माहीत होतं. सरांनी टोपी काढली की पोरं लांबूनच एकमेकांना सांगायची, गेली.

जुना पत्रा ठोकून वापरला की खर्च तर कमी होतोच, शिवाय नव्या पार्टवर जो घसारा कापला जातो तो मालकाच्या खिशातून जात नाही. मजुरीला घसारा नसतो. त्यामुळे पत्रा बोलला तर सगळ्यांचंच भलं, फक्त शेठ सोडून.

डावा दरवाजा बोलला. उजवाही बोलला. बॉनेट जरा कुरकुरलं, पण चाचा म्हणाले, "हो जायेगा." पुढची काच नवीच घालायची होती, तिला घसारा नाही. दिवे प्लास्टिकचे, ते निम्मे. सर एकेक आकडा मला सांगत होते, मी लिहीत होतो. शेवटी राहिला टप. टप नवा घातला तर बेरीज ऐंशीच्या वर जात होती. चाचांनी उचलून दिला तर पंचाहत्तरच्या आत. पंचाहत्तर हजारांच्या अलीकडे काकूंची गाडी होती आणि पलीकडे भंगार. सगळं आता त्या चेपलेल्या टपावर.

सर स्टुलावर चढले. ठोकलं. ढप.

जरा पुढे सरकून ठोकलं. ढप. मागे ठोकलं. ढप.

चाचांनी मान हलवली. शेठ फोन काढून नव्या टपाची ऑर्डर द्यायच्या बेतात. सर स्टुलावरून खाली उतरले आणि त्यांनी टोपी काढली.

काकूंनी मला विचारलं, काय झालं म्हणून. मी सांगितलं, टप मुका आहे, बोलत नाही. काकूंनी सरांच्या टोपीकडे बघितलं, टपाकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सायबानू, आत तांदळाची पोती आसत. तांदळान भरलेलो टोप कधी वाजलो हा?"

मग चाचांनी पहार घालून मागचा दरवाजा उचकटला. मांडणीच्या वरच्या फळीवर तांदळाची दोन पोती होती आणि चेपलेला टप त्यांच्यावर बसला होता, उशीवर डोकं टेकावं तसा. पत्र्याला वाजायला जागाच नव्हती. तीस वर्षांत सरांनी हजारो गाड्या ठोकून बघितल्या होत्या, पण पोती भरलेली गाडी कधी ठोकली नव्हती. आणि ते कळलं कोणाला, तर रोज टोपात भात शिजवणाऱ्या बाईला.

आम्ही पोती खाली ओढली. सर पुन्हा स्टुलावर चढले, बोटाच्या पेराने ठोकलं. टण्ण. असा आवाज आला की शेजारच्या गॅरेजातल्या माणसाने वर बघितलं.

"बोलतोय," सर म्हणाले, आणि टोपी घातली. मग खडूने टपावर एवढी मोठी खूण केली की ती पुसायला चाचांना रॉकेल लागलं.

बेरीज आली त्र्याहत्तर हजार आणि काही रुपये. तीन दिवस चाचा लाकडी हातोडी घेऊन त्या टपाला समजावत होते. कंपनीकडून एक शंका आली, कारण सरांनी अपघाताच्या कारणात 'वाहनावर भावी नगरसेवक पडले' असं लिहिलं होतं. सरांनी उत्तर पाठवलं, 'व्यक्ती नव्हे, कमान. व्यक्ती सुरक्षित आहे.' क्लेम पास झाला. तोपर्यंत भाच्याने बाइकवरून डबे पोचवले, रोज तीन फेऱ्या, आणि त्याला कोणी सुरमई दिली नाही.

पुढे पॉलिसी रिन्यू करायची वेळ आली तेव्हा सरांनी काकूंना निरोप दिला की किंमत या वेळी भाच्याला ठरवू देऊ नका. पाच वर्षांपुढची गाडी, तुम्ही बोला आणि कंपनीने बोलावं. काकूंनी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, गाडी जुनी आहे, एक लाख दहा. काकूंनी फोन व्हॅनच्या टपाला लावला, दुसऱ्या हाताने टप ठोकला आणि विचारलं, "आयकलास?" शेवटी एक लाख साठ हजारांवर दोघींचं जमलं. हे सरांना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढा मान त्यांनी कुठल्या मॅनेजरला दिला नव्हता.

त्यानंतर दर शनिवारी काकूंकडून ऑफिसात डबा यायचा आणि दर शनिवारी सर तो परत पाठवायचे. क्लेम बंद झाला तरी पॉलिसी चालू आहे, उद्या पुन्हा सर्व्हे निघाला तर, हे त्यांचं म्हणणं. परत द्यायला मी जायचो आणि वाटेत तो खायचो. म्हणून मला या नियमाबद्दल काही तक्रार नव्हती.

चार वर्षं अशी गेली. मग सरांचा गुडघा गेला.

ऑपरेशन झालं, आत धातू बसवला. डॉक्टर म्हणाले, चाला. सर चालेनात. गिरगावात त्यांची एक खोली होती, लग्न केलेलं नव्हतं, तिथे खिडकीपाशी बसून राहायचे. त्यांच्या लायसन्सची मुदत त्या महिन्यात संपत होती. मी रोज फॉर्म घेऊन जायचो, रोज परत यायचो. एक दिवस त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. आमचाच छापील रिपोर्टचा कागद, त्यांच्या सुंदर अक्षरात भरलेला. वाहनाचे वर्णन: मी. वय: तक्त्याबाहेर. रबर पार्ट: गेलेले. काच: शाबूत. शेवटी निष्कर्ष: टोटल लॉस. खाली सही.

मला आधी हसू आलं आणि मग जिन्यात उतरताना रडू आलं. ज्या माणसाने आयुष्यात टोटल लिहायच्या आधी प्रत्येक पत्रा चारदा ठोकून बघितला, त्याने स्वतःला एकदाही ठोकून बघितलं नव्हतं.

लायसन्सची मुदत एका बुधवारी संपली. त्यानंतरही काही दिवस दंड भरून फॉर्म घेतात, पण सर हातच लावेनात. गुरुवारी मी काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. काकू पातेल्यात पळी फिरवत होत्या. ऐकून घेतलं, गॅस बंद केला, डबा भरला आणि व्हॅनची चावी उचलली. मी शेजारी बसलो. टप अजून जरासा उंचसखल होता, पण आवाज नव्हता.

सरांच्या खोलीत शिरल्यावर काकूंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. तो टोटल लॉसचा कागद मी टेबलावर ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला. सर खुर्चीत, टोपी मांडीवर. काकू त्यांच्याभोवती फिरल्या. समोरून, डावीकडून, मागून, उजवीकडून. मग सरळ त्यांच्या टकलावर बोटाच्या पेराने ठोकलं, टक्, आणि कान लावला.

सर इतके चकित झाले की हलले नाहीत.

"बोलता हा," काकू म्हणाल्या. "टोटल नाय. नुसतो रिकामो आसा." आणि डबा उघडला. बांगड्याचं तिखलं, भात, तिसऱ्यांचं सुकं.

वास खोलीभर पसरला. सरांनी डब्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "लायसन्स काल संपलं ना?"

मी हो म्हटलं.

"फॉर्म आज भरला तर आजपासून मी सर्व्हेयर. सोमवारी भरला तर?"

"तर रविवारपर्यंत तुम्ही कोणीच नाही, सर."

"मग सोमवारी भरू," सर म्हणाले, आणि हात धुवायला उठले. काठीशिवाय उठले. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार दिवस सर जेवले. तीस-पस्तीस वर्षांचं राहिलेलं सगळं जेवले. तळलेले बोंबील, कोंबडीवडे, खेकड्याचा रस्सा, वर दोन दोन वाट्या सोलकढी. मध्ये मध्ये कॅलेंडरकडे बघायचे आणि पुन्हा भात घ्यायचे. रविवारी रात्री शेवटची वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि काकूंना म्हणाले की बाई, माझी किंमत तुमच्या संमतीने ठरली असं धरतो.

सोमवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. काकूंची व्हॅन. सर टोपी घालून, स्टूल आणि स्टीलची बाटली घेऊन, एकेक पायरी उतरत खाली आले आणि पुढच्या सीटवर बसले. व्हॅन भाऊंच्या नव्या कमानीखालून काढताना काकूंनी जरा जोरात दामटली. आधी जाऊन लायसन्सचा फॉर्म भरला, दंडासकट. मग आम्ही माझगावला गेलो. तिथे एका टॅक्सीचा सर्व्हे होता. ऊन कडक होतं. सरांनी अर्धा तास पत्रा ठोकला आणि घाम पुसत स्टुलावर बसले.

काकूंनी व्हॅनमधून तांब्या काढला, पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

सरांनी पेल्याकडे बघितलं. मग मान हलवली, आपली बाटली उघडली आणि कोमट पाणी प्यायले.

काकू तो भरलेला पेला हातात घेऊन माझ्याकडे वळल्या. एवढ्या खूश मी त्यांना कधी बघितल्या नव्हत्या.